चारशे सतरा अ

मनोरुग्णालय जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलायचं होतं आणि त्यासाठी धाकटीला तीन महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. धाकटी हे तिचं घरचं नाव. चाळिशी दोन पावलांवर आली होती, थोरल्या दोघी बहिणी कधीच्या आपापल्या संसारात रमल्या होत्या, मागे ती आणि बाबा एवढेच उरले होते, तरी बाबा तिला धाकटीच म्हणायचे आणि तीही कधीकधी कामाच्या ठिकाणी फोन उचलून चुकून ‘धाकटी बोलतेय’ म्हणून जायची.

काम ऐकायला सोपं होतं. रुग्णांची माहिती संगणकात एका तक्त्यात होती आणि कुणाला रोज काय खायला-प्यायला जातं ते दुसऱ्या तक्त्यात. रुग्णक्रमांक दोन्हीकडे होता. त्या क्रमांकावरून दोन्ही तक्ते जोडायचे आणि दर माणशी शेवटची नोंद धरून एकच यादी काढायची: नाव, खोली, आहार. नव्या इमारतीत पहिल्याच दिवशी कुणाचं ताट चुकायला नको, असं अधीक्षकांनी बजावलं होतं. धाकटीने अशा जोडण्या आजवर शेकड्यांनी केल्या होत्या. तिने आठ ओळींची क्वेरी, म्हणजे संगणकाला द्यायची आज्ञा, लिहिली, चालवली आणि पाण्याची बाटली भरायला उठली. ती दारापर्यंत पोचली नसेल तोवर क्वेरी बंद पडली होती.

पडद्यावर लाल अक्षरांत जे आलं होतं त्याचा अर्थ एवढाच होता, की ‘४१७अ’ याचा आकडा करता येत नाही. रुग्णांच्या तक्त्यात क्रमांक म्हणजे निव्वळ आकडा होता. आहाराचा तक्ता कुणी दुसऱ्याने, कधीतरी पूर्वी केलेला. त्यात क्रमांकाच्या जागी काहीही लिहिता येत होतं. दोन्ही जुळवताना संगणक लिहिलेल्याचा आकडा करत करत चालला होता आणि त्या ‘अ’पाशी येऊन त्याला ठेच लागली होती.

टंकताना कुणाचं तरी बोट घसरलं असणार, असं तिला वाटलं. ज्या क्रमांकात अक्षर आहे ती ओळ सोडून दे, एवढी अट तिने वाढवली. क्वेरी चालली. दोनशे आठ ओळी आल्या. रुग्णही दोनशे आठच होते. दुसरं कुणी असतं तर तिथेच हात झटकून मोकळं झालं असतं. पण टाकून दिलेलं एकदा उघडून बघायची धाकटीला खोड होती. किती ओळी सोडल्या ते तिने मोजलं. एखाददुसरी असेल अशी तिची कल्पना होती.

अकरा हजार तीनशे एकोणनव्वद होत्या.

तिने त्या उघडल्या. सगळ्या ओळींत क्रमांक तोच, ४१७अ. रोज एक ओळ. पुढे लिहिलेलं: अर्धा पेला दूध, कोमट. नुसत्या तारखा बघत ती मागे मागे जात राहिली. संगणक यायच्या आधीच्या कागदी वह्याही नंतर कुणाकडून तरी भरून घेतलेल्या होत्या, त्यामुळे नोंदी एकतीस वर्षं मागे जात होत्या. एकही दिवस चुकलेला नव्हता. चौदा वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांचा नऊ दिवस संप झाला होता. त्या नऊ दिवसांत संबंध रुग्णालयातल्या एकाही माणसापुढे काही लिहिलेलं नव्हतं. फक्त ही ओळ होती. नऊच्या नऊ दिवस. अर्धा पेला दूध, कोमट.

तिने रुग्णांच्या तक्त्यात ४१७ शोधला. बाई होती. प्रवेशाच्या वेळी वय बावीस, आता त्रेपन्न. तळमजल्यावरची शेवटची खोली, खाट एक. तिच्यासाठी आहाराच्या तक्त्यात दोन वेळच्या ताटाची वेगळी ओळ होती, बाकीच्यांसारखीच. ४१७अ नावाचं माणूस मात्र कुठेच नव्हतं. ना रुग्णांत, ना कर्मचाऱ्यांत, ना मृतांच्या यादीत.

धाकटीची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि त्या मजल्यावरचे वॉर्ड आधीच रिकामे झालेले होते. खाटा गेल्या होत्या, पण भिंतींवर खाटांच्या उशापायथ्याचे फिकट चौकोन राहिले होते, आणि जेवायला जाताना त्या लांबलचक वॉर्डांमधून एकटीने जावं लागायचं. इतके दिवस तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी ती बाहेरचा जिना उतरून गेली.

अधीक्षक नवीन होते, भले होते, आणि त्यांच्यामागे छप्पन्न कामं होती. त्यांनी धाकटीचं सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं आणि जुनी चूक असेल, काढून टाका, म्हणाले. धाकटीला काही ते पटलं नव्हतं. चूक एवढी वक्तशीर कशी असेल? पण तिने वाद घातला नाही. जुन्या नोंदींना तिने हात लावला नाही. फक्त त्या दिवशीची ओळ काढली आणि इथून पुढे क्रमांकात आकड्यांशिवाय काही चालणार नाही, असा नियम घालून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिच्या खोलीच्या दारात भटारखान्याचे प्रमुख उभे होते. त्यांना सगळे वजनकाटे म्हणायचे, कारण ते मिठापासून सगळं तोलून घ्यायचे आणि माणसाकडेही तसंच बघायचे. ते कधी वर येत नसत. ते रागावलेले असतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पहाटेचा आहारतक्ता छापलाच गेला नाही, असं त्यांनी सांगितलं. एक ओळ नियमात बसत नाही म्हणून संगणकाने अख्खा तक्ता परत पाठवला होता. दोनशे आठ ताटं त्यांना तोंडपाठ होती, ती त्यांनी हाताने लिहून पाठवली. त्या धावपळीत दूध भरणाऱ्या बाईने, कागद नाही म्हणून, तो एक पेला भरला नाही.

“मग आता?” धाकटीने विचारलं.

“आता खाली चला,” वजनकाटे म्हणाले. “तुम्ही बघितलंत म्हणजे मला सांगावं लागणार नाही.”

तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. केस पिकलेले, नीट विंचरलेले. सहा वाजल्यापासून ती तिथे उभी होती आणि तिने स्वतःचं ताटही आत घेतलं नव्हतं. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. डावा हात वाकवून खांद्याशी धरला होता आणि उजव्या हाताने ती थोपटत होती. खांद्यावर काहीच नव्हतं. थोपटणं मात्र अगदी बरोबर होतं, पाठीच्या मध्यावर, हलक्या हाताने, एका लयीत, आणि मधूनच ती मान तिरकी करून खांद्याकडे बघायची, तसं बघायला तिथे चेहरा असावा लागतो.

मुख्य परिचारिका तिच्याजवळ होत्या. मोठ्या सिस्टर म्हणायचे त्यांना. वर्षभरात निवृत्त होणार होत्या. त्या बाईला समजावत होत्या, की येतंय, आत्ता येतंय. वजनकाट्यांनी आणलेला पेला त्यांनी तिच्या हातात दिला. बाईने बोट बुडवून दूध फार गरम नाही ना ते पाहिलं. मग आत जाऊन ती भिंतीला टेकून बसली, मांडी सारखी केली, एका मऊ फडक्याचं टोक दुधात बुडवलं आणि हवेत थोडं खाली धरून हळूच पिळलं. दूध तिच्या मांडीवरच्या दुपट्यावर पडत होतं. दोन वेळा, तीन वेळा. मग ती थांबली, वाट पाहिली आणि फडक्याच्या कोरड्या कोपऱ्याने काहीतरी टिपलं.

धाकटीला पुढचं बघवेना. वर येऊन तिने आधी नियम काढला आणि ओळ परत घातली.

दुपारी मोठ्या सिस्टर स्वतःहून तिच्याकडे आल्या आणि बसल्या. त्यांनी सांगितलं ते असं, की ४१७ला तिचा भाऊ घेऊन आला होता तेव्हा तिला सातवा महिना होता. भावाने दिलेल्या पत्त्यावरून पत्रं परत यायची, त्यामुळे माहेर-सासर दोन्ही तिथेच संपलं. बाळंतपण इथेच झालं. मुलगी झाली. नियमाप्रमाणे रुग्णक्रमांक फक्त रुग्णाला मिळतो आणि मूल काही रुग्ण नव्हतं. तरी त्याला खायला-प्यायला लागणार, म्हणून तेव्हाच्या भटारखानाप्रमुखाने आईच्या क्रमांकाला ‘अ’ लावून त्याची ओळ सुरू केली. मुलीला दोन वर्षं होऊन वर चार महिने झाले होते. वॉर्डभर धावायची. आई तेव्हा खूप सुधारली होती. मग मोठ्या सिस्टर, ज्या तेव्हा नोकरीत नवीन होत्या, महिनाभर रजेवर गेल्या आणि परत आल्या तेव्हा मुलगी नव्हती.

“मी तेव्हाच्या मेट्रनना विचारलं. त्या म्हणाल्या, ताप आला आणि गेली. मी पुढे काय विचारणार?”

दूध त्यानंतर एकदाच, ओळ तशीच ठेवून, थांबवलं होतं, त्याच वर्षी. बाईने खिडकीची काच दोन्ही हातांनी फोडली. तेव्हापासून एका भटारखानाप्रमुखाने दुसऱ्याला किल्ल्या देताना ही ओळ सोपवली होती. संपाच्या नऊ दिवसांत वजनकाटे मागच्या फाटकातून येऊन एक पेला देऊन जायचे, आणि येताना घरचं दूध आणायचे.

ओळ कुठून येते ते आता कळलं होतं. वास्तविक धाकटीच्या मनावरचा भार उतरायला हवा होता, पण झालं उलटंच. घरी भाजी निवडताना आपला उजवा हात मांडीवर हलकेच थापट्या मारतोय असं तिच्या लक्षात आलं आणि ती दचकली. बाबांनी ते पाहिलं. बाबा एका मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं भांडारपाल होते आणि अजूनही घरातल्या डब्यांना क्रमांक होते. साखर हवी असली की ते ‘नऊ नंबर दे’ म्हणायचे. धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

मुलगी वारली त्याची नोंद कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, कुठेच नाही, क्रमांकच नव्हता तर नोंद कशात होणार.

“ते चालत नाही,” बाबा म्हणाले. “आलेलं माणूस आवकात नसेल, मी समजू शकतो. पोटातून आलं, फाटकातून नाही. पण गेलेलं काहीही फाटकातूनच जातं. तिथे पहारेकरी असतो आणि पहारेकऱ्याजवळ वही असते. मृत्यू झाला असता तर डॉक्टरची सही लागली असती. तू जावक बघितलंस का?”

“बाबा, जावक सामानाचं असतं.”

“ज्याला दुसरीकडे कुठे जागा नसते ते सगळं सामानातच येतं,” ते म्हणाले आणि जेवायला उठले.

जुन्या वह्या मागच्या अडगळीच्या खोलीत होत्या. शुक्रवारी रद्दीवाला येणार होता, त्यामुळे त्या खोक्यांत भरून, वर खडूने फुली मारून ठेवलेल्या होत्या. धाकटीने तारखेचा अंदाज बांधला. मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची, म्हणजे साधारण कोणता महिना ते ठरलं. बुधवारी सकाळी ती त्या खोलीत शिरली. एकच झरोका, आणि खाली वाळवीने खाल्लेल्या कागदांचा भुगा. मजल्यावर कुणी नव्हतं. तरी दोनदा तिला वाटलं की दाराबाहेरून कुणीतरी अनवाणी, लहान पावलांनी पळत गेलं. दुसऱ्यांदा ती उठून बघून आली. रिकामा वॉर्ड होता, फिकट चौकोन होते. खिडकीचं एक दार वाऱ्याने आपटत होतं. तोच आवाज असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

अकरा वाजता तिला ती ओळ सापडली. वरची नोंद होती: गाद्या, फाटक्या, अकरा. खालची: इस्त्री, दुरुस्तीस, एक. मधे, त्याच शाईत आणि त्याच वळणात लिहिलेलं होतं: मूल, स्त्री, एक. कपडे, जोड दोन. बालगृहाकडे. पुढच्या रकान्यात, जिथे वस्तू परत यायची तारीख लिहायची, तिथे लिहिलं होतं: नाही. शेवटी घेणाराची सही.

धाकटी ती वही छातीशी धरून खाली गेली. मोठ्या सिस्टरांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि त्या औषधांच्या कपाटाला धरून स्टुलावर बसल्या.

“मेट्रन काय म्हणाल्या होत्या तुम्हाला?” धाकटीने विचारलं. “नेमकं?”

“गेली म्हणाल्या.”

“एवढंच?”

“गेली. एवढंच.” सिस्टर वहीकडे बघत होत्या. “मी त्या बाईला सहा महिने समजावत होते, की तुझी मुलगी वारली, आता स्वीकार. ती म्हणायची, नाही हो सिस्टर, ती आहे. ती नाही म्हणाली की मी कागदावर लिहायचे: भ्रम कायम. मी लिहिलं की डॉक्टर गोळी वाढवायचे. तिची आहे-आहे थांबेपर्यंत वाढवली आम्ही. मग ती बोलायची थांबली आणि हे थोपटणं सुरू झालं.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. उठल्या, एकेक औषध तपासून ट्रेमध्ये ठेवायला लागल्या, आणि धाकटीला दिसलं की त्या एकच बाटली चौथ्यांदा उचलून परत ठेवतायत.

अधीक्षकांना या वेळी बसून ऐकावं लागलं. वहीचं पान त्यांनी हाताने झाकून ठेवलं, जणू कुणी दुसऱ्याने बघायला नको. आधी ते म्हणाले, की इतक्या वर्षांनी कुणाला त्रास कशाला. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, की त्रास तर रोज सकाळी चालूच आहे. त्यांनी बालगृहाला पत्र लिहिलं. बालगृहाने कळवलं की मुलगी त्यांच्याकडेच वाढली, अठराव्या वर्षी बाहेर पडली, तिची इच्छा असेल तरच पत्ता देता येईल, आणि तिच्या कागदांत आईच्या पुढे ‘माहिती नाही’ असं लिहिलेलं आहे. तिला विचारून कळवायला त्यांनी वेळ मागितला.

दरम्यान यादी करायचीच होती. वजनकाटे विचारायला आले, की नव्या इमारतीत दूध कसं पाठवायचं. ते ४१७च्याच ताटात वाढीव म्हणून लिहू या, असं धाकटीने सुचवलं. वजनकाट्यांनी मान हलवली. ते तिचं नाही, म्हणाले, ती दुधाला तोंड लावत नाही. माझ्या हाताने मी खोटं लिहिणार नाही. मग धाकटीने काम थोडं वाढवून घेतलं. रुग्णांच्या तक्त्यातला क्रमांक आकडा न ठेवता तिने मजकूर केला, म्हणजे ‘अ’ला जागा झाली. मग त्यात एक नवीन ओळ घातली: ४१७अ, स्त्री. नावाची जागा कोरी. आत आल्याची तारीख आणि बाहेर गेल्याची तारीख, दोन्ही खऱ्या. तिने पहिली, आठ ओळींची क्वेरी काहीही अट न घालता पुन्हा चालवली. ती अडखळली नाही. दोनशे नऊ ओळी आल्या.

नवी व्यवस्था तेवढी एक कुरकुर करायची. बाहेर गेलेल्या माणसाला आहार का, असं ती रोज पहाटे विचारायची, आणि वजनकाटे रोज पहाटे ‘तरीही पाठवा’ दाबायचे.

स्थलांतर झालं. ४१७ला नवी खोली मिळाली, पूर्वेची. गाडीत बसताना तिने डावा हात खांद्यापासून हलवला नाही, आणि चालकाने आपण होऊन सगळ्या खड्ड्यांत गाडी हळू घेतली, असं सिस्टर सांगत होत्या.

करार संपायला आठ दिवस असताना अधीक्षकांनी धाकटीला बोलावलं. त्यांच्या खोलीत तिशीतली एक बाई बसली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. बोटांची टोकं खरखरीत झाली होती, आणि पिशवी तिने दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. मला शोधून काढणाऱ्या त्या तुम्हीच का, असं तिने विचारलं. धाकटी म्हणाली की मी फक्त एक क्वेरी दुरुस्त करत होते. मुलगी थोडी हसली. मग तिने धाकटीला बरोबर यायची विनंती केली, कारण एकटीने आत जायचं धाडस तिला होत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की ओळख पटवायचा आग्रह धरू नका, नुसत्या बसा. सिस्टरांनी दार उघडलं. ४१७ खिडकीशी होती. तिने वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय.”

कितीतरी वर्षांत ती एवढं बोलली नव्हती, असं नंतर सिस्टर म्हणाल्या. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली आणि बाळ किती मोठं आहे, असं तिने अगदी हळू विचारलं. बाईने सांगितलं, की दोन वर्षांचं होऊन वर चार महिने झाले. फार पळतं. दुधाचा कंटाळा करतं, थेंब थेंब भरवावं लागतं. सांगताना तिचा हात थोपटतच होता. मग तिने पाहुणीकडे नीट निरखून पाहिलं, चष्म्याकडे, हातांकडे, आणि धाकटीला वाटलं की आता होणार.

“तुम्हाला कोण कोण आहे?” बाईने विचारलं.

“आई आहे.”

“कुठे असते?”

“इथे. जवळच.”

“मग जात जा तिच्याकडे,” बाई म्हणाली. “वाट बघत असेल.”

मुलगी हो म्हणाली. बाहेर आल्यावर ती रडली नाही. नळाखाली चष्मा धुतला, पदराने पुसला, पुन्हा धुतला. मग तिने धाकटीला विचारलं, की आपला जन्म कधीचा ते कुठे लिहिलेलं आहे का. बालगृहाने तिला वर्षाचा पहिला दिवस जन्मतारीख म्हणून दिला होता. तिथल्या निम्म्या मुलांची तीच होती आणि सगळ्यांचा वाढदिवस एकदमच व्हायचा. धाकटीने तिला आपल्या खोलीत नेलं आणि आहाराच्या तक्त्यातली ४१७अची सगळ्यांत पहिली ओळ उघडून दाखवली. तारीख होती. पुढे, कुणा जुन्या भटारखानाप्रमुखाने, एकही तोंड मोजायचं राहू नये म्हणून लिहून ठेवलं होतं: आज पहाटे जन्म. अंगावर पितं. ताट नाही.

मुलीने ती ओळ दोनदा वाचली. ‘अंगावर पितं’ या शब्दांवर तिने पडद्याला बोट लावलं, आणि काच असल्यामुळे बोटाचा ठसा उमटला तर सवयीने पुसून टाकला. ती स्वतःच्या समजुतीपेक्षा सात आठवड्यांनी लहान निघाली. छापून देऊ का, असं धाकटीने विचारलं. तिने दोन प्रती मागितल्या.

धाकटीचा करार संपला. तिला दुसरं काम मिळालं, पण महिन्यातून एकदा ती सिस्टरांना फोन करायची, आणि सिस्टर निवृत्त झाल्यावर वजनकाट्यांना. मुलगी दर पंधरवड्याला यायची, असं कळत राहिलं. आई तिला बाई म्हणायची. कधी बोलायची, कधी नाही. गोळ्या कमी केल्या होत्या, जास्त कमी करायची डॉक्टरांना भीती वाटत होती. दूध जात होतं.

वर्षभराने वजनकाट्यांनी एक गोष्ट सांगितली. ते स्वतः पेला घेऊन गेले होते, म्हणून त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. मुलगी आलेली होती. आईने तिच्याजवळ येऊन सांगितलं की हाताला रग लागली आहे, आणि खांद्यावरचं काढून, मानेखाली हात देऊन, अलगद तिच्यापुढे केलं. जरा धरता का, म्हणाली, मी तोंड धुऊन येते. मुलीने दोन्ही हात पुढे केले. मान नीट धरा, असं आईने सांगितलं. मुलीने कोपर वर केलं. मग आई न्हाणीघरात गेली आणि आतून नळाचा आवाज येत राहिला.

ती किती वेळ आत होती, असं धाकटीने विचारलं.

वजनकाटे म्हणाले, की सांगता येणार नाही, पण दूध निवलं होतं. तेवढा वेळ मुलगी खोलीच्या मधोमध उभी होती. ती हलली नाही, बसली नाही, आणि ते दारातून आत येऊ लागले तेव्हा तिने मानेनेच त्यांना थांबायची खूण केली.